अल्फाफोल्ड आल्यावर प्रथिनांची रचना प्रत्यक्ष बघण्याची गरज उरली आहे का?

अमिनो आम्लांच्या क्रमावरून अल्फाफोल्ड हा संगणक कार्यक्रमच प्रथिनाची रचना सांगू लागला असेल, तर कोट्यवधी रुपयांचे सूक्ष्मदर्शक कशाला हवेत, असे आपण विचारले आहे. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, म्हणजे गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉनांच्या झोताने बघणाऱ्या यंत्रासाठी, नमुने तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे माझे मत थोडे झुकलेले असणार, हे आधीच सांगतो. गरज उरली आहे; मात्र काय बघायचे, ते बदलले आहे.

1958 साली जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिनची रचना क्ष-किरणांनी उलगडली, आणि त्यानंतर कित्येक दशके प्रथिनाचा स्फटिक बनला तरच पुढचे सगळे, अशी स्थिती होती. पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिने तर स्फटिक बनवू पाहणाऱ्याचा अंत पाहतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला स्फटिक लागत नाही, पण त्याच्या निर्वात पोकळीत पाणी टिकत नाही आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू जळतो. याक दुबोशे यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीस यावर जो मार्ग काढला तो असा की, पाणी इतक्या झटकन गोठवायचे की त्याला बर्फाचे स्फटिक बनवायला सवडच मिळू नये आणि ते काचेसारखे घट्ट व्हावे.

हे काम आजही बरेचसे हातांवर अवलंबून आहे. तीन मिलिमीटर व्यासाची धातूची जाळी चिमट्यात धरून तिच्यावर साधारण तीन मायक्रोलिटर द्रावण सोडायचे, टीपकागदाने जास्तीचे टिपून घ्यायचे आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये जाळी क्षणात बुडवायची. टिपणे थोडे जास्त झाले तर थर कोरडा पडतो, कमी झाले तर इतका जाड राहतो की त्यातून काही दिसत नाही. पावसाळ्यात हवेतली वाफच जाळीवर गोठून बसते; अशा एखाद्या दिवशी आठपैकी आठ जाळ्या मी फेकून दिल्या आहेत. त्यातही, द्रावणाचा थर पातळ झाला की प्रथिने हवेला लागलेल्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, तिथे उलगडून बिघडतात किंवा सगळी एकाच कुशीवर पडतात, आणि मग रेणूची दुसरी बाजू दिसतच नाही. सूक्ष्मदर्शक कितीही महागडा असला तरी त्याला या अडचणीवर इलाज नाही.

प्रतिमा एका रेणूची नसते, हेही ध्यानात घ्यावे. रेणू जळू नये म्हणून इलेक्ट्रॉन जपून वापरावे लागतात, त्यामुळे प्रत्येक प्रतिमा अत्यंत धूसर येते. वेगवेगळ्या दिशांनी पडलेल्या लाखो रेणूंच्या प्रतिमा जुळवून, त्यांची सरासरी काढून त्रिमितीय आकृती उभी राहते. हे गणित योआखिम फ्रँक यांनी घडवले. दुबोशे आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह 2017चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. इलेक्ट्रॉन थेट मोजणारे संवेदक आल्यावर 2013 साली उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-1 या पटलातील प्रथिनाची रचना 3.4 अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) स्पष्ट दिसली, आणि 2020 साली अपोफेरिटिन या प्रथिनातील अणू सुटे सुटे दिसू लागले. अपोफेरिटिन मात्र अतिशय घट्ट आणि सममित आहे. त्यावरून सगळ्या प्रथिनांचा अंदाज बांधणे बरोबर नाही.

आता अल्फाफोल्डविषयी. तो शिकला तोच मुळी अशा प्रयोगांतून साठलेल्या रचनांवर, आणि त्याचे यश खरे आहे. 2024चे नोबेल उगाच मिळालेले नाही. पण तो सहसा रेणूची एक संभाव्य मुद्रा, म्हणजे त्याच्या अनेक आकारांपैकी एक, दाखवतो. हिमोग्लोबिन प्राणवायू धरताना आणि सोडताना आकार बदलते, आणि त्याचे काम त्या बदलातच आहे. गोठवलेल्या थरात अशा अनेक मुद्रा एकत्र सापडतात. त्या वेगळ्या काढणे आणि एकीतून दुसरीत जाण्याची वाट शोधणे हे पुढचे मोठे आव्हान आहे. ज्या प्रथिनांना स्थिर आकारच नाही, त्यांच्यापुढे सरासरीची युक्तीच थकते.

दुसरे आव्हान पेशीच्या आत बघण्याचे. पेशी इलेक्ट्रॉनांना आरपार जाऊ देण्याइतकी पातळ नसते, म्हणून गोठवलेल्या पेशीला आयनांच्या झोताने तासून शंभर ते दोनशे नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा काढतात आणि तो थोडा थोडा कलवत प्रतिमा घेतात. त्यात पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमसारखे मोठे रेणू ओळखता येतात. लहान प्रथिन त्या गर्दीत हरवते. तिथे अल्फाफोल्डने दिलेला आकार साचा म्हणून हाती घेऊन शोधणे सुरू झाले आहे, पण साच्याशी जुळल्यासारखे वाटलेले प्रत्येक ठिकाण खरेच ते प्रथिन आहे का, हे पुन्हा प्रतिमेवरच तपासावे लागते.