आयक्यू ८४ आला म्हणजे मुलगा मठ्ठ आहे का? ही चाचणी नक्की काय मोजते?

ताई, तिसरीतल्या मुलाचा आयक्यू (म्हणजे बुद्ध्यांक) ८४ आला, शाळेनं 'स्लो लर्नर' म्हटलं आणि तेव्हापासून तुमची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात वीसेक वर्षं मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते, म्हणून उत्तर देतेय. नाही, तो मठ्ठ नाही. ८४ या आकड्याचा तसा अर्थ निघतच नाही.

हे शंभरपैकी पडलेले मार्क नव्हेत. एका वयाची मुलं ओळीनं उभी केली तर आपलं मूल साधारण कुठं येतं, एवढंच त्यातून कळतं. सरासरी १०० धरलेली असते आणि शंभरातली ६८ मुलं ८५ ते ११५ च्या आत बसतात. तुमचा मुलगा त्या घोळक्याच्या अगदी काठावर आहे. त्यातही पाचेक गुण इकडंतिकडं होणं धरूनच चालावं लागतं, म्हणजे हा आकडा ७९ ते ८९ मध्ये कुठंही असू शकतो. बौद्धिक अक्षमता म्हणायची तर आकडा ७० च्या आसपास किंवा खाली लागतो, आणि रोजच्या व्यवहारातही अडचण दिसावी लागते. तुमचा मुलगा एकटा दूध आणतो, सुटे पैसे मोजून घेतो, हे तुम्हीच लिहिलंय.

आता चाचणी मोजते काय? शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, ऐकलेले आकडे उलटे म्हणणं, ठरलेल्या वेळात खुणा भरणं. यातल्या एकात चांगली असलेली मुलं बाकीच्यांतही बहुधा चांगली निघतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. शाळेतल्या मार्कांशीही या गुणांचा बऱ्यापैकी मेळ बसतो. त्यामुळं चाचणी निरर्थक आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्यांचा मुलगा माझ्या मनातून जात नाही. चाचणीतले खरे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात. चाचणी संपल्यावर गप्पा मारताना मी त्याला सहज विचारलं होतं, गूळ आणि साखर यांत सारखं काय? 'दोन्ही गोड पदार्थ' असं उत्तर आलं तर अशा प्रश्नाला पूर्ण गुण मिळतात. तो म्हणाला, "सारखं कसं आसंल बाई? गुळाला भेंडीचं पाणी घालून मळी काढाय लागती. साखर कारखान्यात हुती." मग काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून आजोबा बोटांनी त्याची गोळी कशी बघतात, काहील लवकर उतरली तर ढेप कशी मऊ पडते, उशीर झाला तर गूळ कसा काळा होतो, हे सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. निरीक्षण होतं, कार्यकारण होतं, स्मरण होतं. चाचणीत या उत्तराला शून्य मिळालं असतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांना १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडंही हेच दिसलं. करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतला ओंडका वेगळा काढायला ते तयार होईनात, कारण ओंडकाच नसेल तर हत्यारांचा उपयोग काय! वस्तू तिच्या कामापासून सोडवून एखाद्या गटात टाकायची, ही सवय बरीचशी शाळेत लागते, आणि चाचणी ती सवयसुद्धा मोजते. शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की आयक्यू सरासरी १ ते ५ गुणांनी वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, त्याचं मोल मला हे वाचल्यावर आणखी जाणवलं.

मुळात बिने आणि सिमों या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये अशी पहिली चाचणी केली, ती कोणत्या मुलाला शाळेत जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते या समजुतीला स्वतः बिने यांचा विरोध होता. मुलावर शिक्का मारायला तिचा वापर होतो तेव्हा मला फार वाईट वाटतं.

तुम्ही आता अहवाल पुन्हा काढा आणि एकूण आकडा सोडून आतले तक्ते बघा. शब्दांचे गुण कमी आणि ठोकळ्यांचे चांगले असतील, तर चाचणी कोणत्या भाषेत घेतली ते विचारा. घरी मराठी आणि चाचणी इंग्रजीत, असं सर्रास होतं. आकडे लक्षात ठेवणं आणि वेग हेच मागं पडले असतील, तर अडचण वाचनाची किंवा लक्ष टिकण्याची असू शकते, तिची तपासणी वेगळी असते. चाचणीचे निकष, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून आकडा काढतात ते, कोणत्या सालचे हेही विचारा. कामत यांनी बिने चाचणीचं मराठी-कन्नड रूपांतर १९३० च्या दशकात केलं, ते आजही वापरलं जातं. जुन्या निकषांवर आकडा साधारण फुगून येतो, कारण विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दहा वर्षांनी तीनेक गुणांनी वाढत गेले.

डोळे आणि कान मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. माझ्याकडं आलेल्या दोन मुलांना नुसता चष्मा हवा होता. तीच चाचणी वर्षभर तरी पुन्हा करू नका, सरावानं गुण वाढतात आणि काहीच कळत नाही. आतल्या तक्त्यांतले गुण इथं कळवलेत, मुलाचं नाव न लिहिता, तर मी बघून सांगेन.