सिल्की: तलंग की कोंबडा?

बेळगावच्या बाजारातून सिल्की जातीच्या कोंबडीची दोन महिन्यांची सहा पिल्लं आणली. विकणाऱ्यानं ‘दोन नर, चार माद्या’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं. मला सहाही सारखीच दिसतात. ओळखायचं कसं ओ? (निपाणी)

सारखी दिसतात, कारण त्या वयात ती जवळजवळ सारखीच असतात. दोन महिन्यांच्या सिल्कीबद्दल अशी खात्री देणाऱ्यावर माझा विश्वास नाही, आणि त्या खात्रीचे जास्त पैसे तर मुळीच देऊ नयेत.

गावठी पिल्लांत या सुमाराला नराचा तुरा लाल होऊ लागतो, पुढे मानेवर आणि पाठीवर टोकदार, चकचकीत पिसं येतात. सिल्कीत या खुणा हाती लागत नाहीत. तिच्या पिसांना एकमेकांत गुंतणाऱ्या बारीक आकड्या नसतात, म्हणून पीस केसासारखं सुटं राहतं. तुराही उभा, दातेरी नसतो. अक्रोडासारखा बसका आणि काळपट जांभळा असतो. लाली शोधत बसलात तर फसाल.

तीन महिने झाले की शेंडी, म्हणजे डोक्यावरचा पिसांचा झुबका बघा. सकाळी खुराडं उघडल्यावर पिल्लू एका हातावर घ्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं शेंडी हलकेच मागं सारा. तलंगेची (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीची) शेंडी कापसाच्या बोंडासारखी गोल असते, बोट काढलं की पुन्हा फुलते. नराच्या शेंडीतून मागच्या अंगाला चार-दोन लांब, जराशी ताठ पिसं निघालेली दिसतात, जणू ओल्या केसांतून कंगवा फिरवलाय. माझा सगळ्यांत जास्त भरवसा या खुणेवर आहे. मग चोचीच्या वरचा भाग बघा. नराचा तुरा आडवा पसरतो आणि जाड होतो, चोचीखालची कातडी लोंबू लागते. तलंगेचा तुरा बारीकच राहतो. पायही नराचे जाड.

मात्र तुलना एकाच दिवशी निघालेल्या भावंडांतच करा. पायात रंगीत रिंगा घाला (पाय वाढेल तशा बदला) आणि दर आठवड्याला फोटो काढून ठेवा. एका दिवसाच्या नजरेपेक्षा महिन्याभराचा बदल जास्त सांगतो.

आमच्याकडे म्हणतात, टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी. खरं आहे का? (खानापूर)

नाही. पक्ष्यांत पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं आणि बलक अंडाशयातून सुटण्याच्या वेळीच ते ठरून जातं. कवच त्यानंतर चढतं, त्याला वीसेक तास लागतात. आकाराचा आणि लिंगाचा संबंध नाही. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरण्याचंही तेच.

पाच महिने झाले, एक पिल्लू अजून आरवत नाही. तलंग समजून ठेवू का? (बेळगाव, अनगोळ)

थांबा. आरवलं तर बहुधा नर, पण आरवलं नाही म्हणजे मादी असं नव्हे. खुराड्यात एखादा दांडगा कोंबडा असला की धाकटा नर दबून राहतो, त्याचा तुराही उशिरा भरतो. माझ्याकडचा असाच एक मी सहा महिने तलंग समजून सांभाळला. थोरला कोंबडा दुसरीकडे दिला आणि चौथ्या दिवशी पहाटे हा आरवला. त्याला अंड्यांसाठी म्हणून घेऊन जायला एक जण तयार होते, त्यांची फसवणूक माझ्या हातून होणार होती. तेव्हापासून आठ महिन्यांच्या आत मी कुणाला शब्द देत नाही. सिल्की तलंग बऱ्याचदा सात ते नऊ महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते. तोवर धीर नसेल तर मुळासकट उपटलेली दोन-चार पिसं डीएनए तपासणीला पाठवा, उत्तर नक्की मिळतं.

सिल्की कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावठी कोंबडी यांची पिल्लं निघाली. काही काळ्या कातडीची, काही उजळ. रोग तर नाही ना? (चिक्कोडी)

रोग नाही. उलट, तुमच्या हाती सोपी खूण आलीय! काळ्या बहुतेक तलंगा, उजळ ते नर. काळा रंग दाबून ठेवणारा गुण उजळ पायांच्या कोंबडीकडून फक्त मुलग्यांना मिळतो. मुलींना तो मिळत नाही, म्हणून बापाचा काळेपणा त्यांच्यात उघडा पडतो. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1911 मध्ये सिल्कीच्याच संकरावरून हे मांडलं होतं.

पिल्लं वाळली की पहिल्याच दिवशी पाय आणि पोटाची कातडी बघून रिंगा घाला. पण आई उजळ पायांचीच हवी. काळसर पायांच्या गावठी कोंबडीच्या पिल्लांत हा फरक पडत नाही. आणि जोडी उलटी केली, म्हणजे उजळ पायांचा कोंबडा नि सिल्की कोंबडी, तर सगळीच पिल्लं उजळ निघतील आणि पुन्हा शेंडीची वाट बघावी लागेल.