मूळ गाव कुठलं?

प्रिय ईरा,

गणपतीला आलेल्या काकांनी तुला आधी नाव विचारलं, मग आडनाव, आणि लगेच "मूळ गाव कुठलं?" फोनवर तू म्हणालीस, "माझा जन्म नेदरलँड्समधल्या अॅम्स्टेलव्हेनचा. मग आपल्या लोकांना हेच का विचारायचं असतं? आणि मी सांगायचं तरी काय?" हे फोनवर आटपण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

बऱ्याचदा त्या प्रश्नात मायाच असते. परमुलखात कुणी कऱ्हाडचं नाव काढलं की "अहो, माझी आत्या तिथेच दिलीय" म्हणत अनोळखी माणूस खुर्ची जवळ ओढतो. पण हाच प्रश्न चाळणीसारखाही वापरला जातो. आडनावावरून जात काढायची, गावावरून घराणं, आणि मग ठरवायचं की हे "आपल्यातले" की नाहीत. स्थळं बघताना हे चालतं, घर भाड्याने देतानाही चालतं, हे तुझ्यापासून लपवायचं कारण नाही. मला त्यातली आणखी एक गोष्ट खुपते. मूळ गाव म्हणजे बापाचं गाव. माझ्या फोंड्याला त्यात जागाच नसते.

यावर विचार करताना मला दुब्राव्का उग्रेशिच ही लेखिका आठवते. ती १९४९ साली युगोस्लाव्हियातल्या कुतिना गावी जन्मली. वडील क्रोएशियन, आई बल्गेरियातल्या वार्ना या समुद्रकाठच्या शहरातली. झाग्रेबच्या विद्यापीठात ती साहित्याची अभ्यासक होती, रशियन साहित्यात मुरलेली. कादंबऱ्याही लिहायची, चांगल्या खुसखुशीत. १९८८ साली तिला युगोस्लाव्हियातला कादंबरीसाठीचा मानाचा निन पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

मग १९९१ साली देश फुटला आणि युद्ध पेटलं. कालपर्यंत शेजारी असलेल्यांना आता एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: तू कोण, क्रोएट की सर्ब? दुब्राव्काने युद्धाविरुद्ध लिहिलं, आणि सगळ्याच बाजूंच्या राष्ट्रवादाविरुद्ध लिहिलं. डिसेंबर १९९२ मध्ये क्रोएशियातल्या 'ग्लोबुस' या साप्ताहिकाने तिच्यासह पाच स्त्रियांना देशद्रोही ठरवणारा लेख छापला. त्यात लेखिका स्लाव्हेन्का द्राकुलिच होती आणि भारतीय तत्त्वज्ञानाची अभ्यासक रादा इवेकोविचही होती. लोक त्यांना "रिओच्या चेटकिणी" म्हणू लागले, कारण त्या वेळी ब्राझीलमधल्या रिओत भरलेल्या लेखकांच्या जागतिक संमेलनाशी तो लेख जोडलेला होता. लेखाबरोबर एक तक्ता होता, तो मला विसरता येत नाही. प्रत्येकीचं जन्मसाल, राष्ट्रीयत्व, लग्न झालंय की नाही, मुलं किती, असे रकाने. बायकांची मतं खोडून काढायची होती, म्हणून त्यांचं घर आणि कूळ उघडं केलं. रकाने ओळखीचे वाटतात ना? आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात साधारण हेच असतात.

सहकाऱ्यांनी पाठ फिरवली, निनावी फोन येऊ लागले. १९९३ मध्ये तिने क्रोएशिया सोडला आणि पुढे अॅमस्टरडॅमला स्थायिक झाली. 'क्रोएशियन लेखिका' एवढीच ओळख तिने कधी मान्य केली नाही. भाषा मात्र सोडली नाही, शेवटपर्यंत त्याच भाषेत लिहिलं. २०१६ साली तिला न्यूस्टाट हा आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला, आणि १७ मार्च २०२३ रोजी ती अॅमस्टरडॅमलाच वारली. आपल्या घरापासून ट्रामने जाता येईल इतक्या जवळच्या शहरात ही बाई इतकी वर्षं लिहीत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तिने भूतकाळ टाकून दिला असं मात्र समजू नकोस. तिच्या एका कादंबरीत अॅमस्टरडॅमला आलेले निर्वासित विद्यार्थी आपल्या नाहीशा झालेल्या देशातल्या साध्यासुध्या गोष्टी आठवून आठवून एका कल्पनेतल्या पिशवीत भरतात. लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांची प्लॅस्टिकची पिशवी, तुझी आजी एसटीत घेऊन चढायची तसली. आणि 'बाबा यागा लेड अॅन एग' या तिच्याच पुस्तकाच्या पहिल्या भागात म्हाताऱ्या आईला प्रवास झेपत नाही, म्हणून लेक तिच्या वतीने वार्नाला जाते. आईचं गाव, तिच्या आठवणीतल्या जागा. तिथे गेल्यावर जवळपास काहीच ओळखू येत नाही. तरी ती गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणी विचारलं म्हणून गेली नाही, आईसाठी गेली.

तेव्हा पुढच्या वेळी काकांनी विचारलं तर मोकळेपणाने सांग: बाबा कऱ्हाडचे, आई फोंड्याची, मी अॅम्स्टेलव्हेनची. हाच क्रम हवा असं नाही, मला पहिलं ठेवलंस तरी बाबा रागावणार नाहीत. त्यावर "म्हणजे तुम्ही कोण?" असा पुढचा प्रश्न आला, तर त्याचं उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. नमस्कार कर आणि प्रसाद घ्यायला जा.

पुस्तक पोस्टाने पाठवतेय. पहिला भाग आधी वाच, मग फोन कर.

तुझी,
आई