‘अ किंवा ब करण्यास परवानगी आहे’ यावरून ‘अ करण्यास परवानगी आहे’ हे तर्कशास्त्रात सिद्ध का होत नाही?

परीक्षेच्या सूचनेत ‘निळ्या किंवा काळ्या शाईने लिहिण्यास परवानगी आहे’ असे असले, तर शाईची निवड विद्यार्थ्याच्या मर्जीवर आहे हे शाळकरी मुलालाही कळते. मग विधिनिषेधांच्या, म्हणजे काय करावे, काय करू नये आणि कशाला परवानगी आहे याच्या, तर्कशास्त्राला ते का कळू नये, असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते अडचणीचे मूळ ‘परवानगी’च्या व्याख्येत आहे. फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन व्रिक्ट यांनी १९५१ साली क्रियांच्या विधिनिषेधांची जी मांडणी केली, तिच्यात ‘अ किंवा ब’ला परवानगी म्हणजे दोहोंपैकी निदान एकाला परवानगी, कोणत्या, हे त्यातून ठरत नाही. ‘अ किंवा ब’ला परवानगी असेल तर दोहोंनाही आहे, हा निवडीचा नियम वरून जोडावा, तर अनर्थ होतो: निळ्या शाईने लिहिण्यास परवानगी आहे, म्हणून ‘निळ्या शाईने लिहिणे किंवा कॉपी करणे’ यालाही आहे, आणि मग निवडीच्या नियमाने कॉपी करण्यासही!

क्रियेला केंद्रस्थानी ठेवले की वाट सापडते. जॉन-ज्यूल्स मेयर यांनी १९८८ साली सुचवले, की जी क्रिया कशीही केली तरी नियमभंगाच्या स्थितीत नेते, ती निषिद्ध मानावी. या निषेधाचा केवळ नकार ही दुबळी परवानगी होय: नियमभंग न होता ती क्रिया करण्याचा निदान एक मार्ग आहे, एवढेच ती सांगते. याउलट, ती क्रिया कोणत्याही मार्गाने केली तरी नियमभंग होत नाही, ही भक्कम परवानगी. हा दुसरा अर्थ घेतला, की ‘निळ्या किंवा काळ्या’मधून दोन्ही शायांची परवानगी आपोआप निघते आणि कॉपीचे अनुमान पहिल्याच पायरीवर अडते. (वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनीही यज्ञात व्रीहि म्हणजे भात किंवा यव म्हणजे जव वापरण्याच्या विकल्पाचा विचार केला होता, पण विकल्पात आठ दोष मानून ते निरुपायानेच तो स्वीकारत.)

भक्कम परवानगीचीही किंमत मोजावी लागते. ‘निळ्या शाईने लिहिणे’ सर्व मार्गांनी निर्दोष मानले, तर निळ्या शाईने शेजाऱ्याचे उत्तर उतरवणेही निर्दोष ठरते. म्हणून दुबळ्या आणि भक्कम परवानगीची चिन्हे मी वेगळी ठेवतो, आणि भक्कम परवानगी लिहिताना ‘इतर नियम पाळून’ ही अट क्रियेच्या वर्णनातच घालतो.