वाढदिवसाची ट्रेडमिल

"मॅडम, घरात सगळं आहे हो. ट्रेडमिल आहे, डंबेल्स आहेत, मॅट आहे. होत मात्र काहीच नाही. मी इतकी आळशी कशी?"

जुलैतली संध्याकाळ होती. दाराशी छत्री निथळत होती आणि ताई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, जणू उशीर झालाय, लगेच उठायचंय. वय ४७. डोंबिवलीत टू बीएचके, मुंबईत हिशेबाच्या कामाची नोकरी. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, त्यामुळे नाव देत नाही, ताईच म्हणते.

मी समुपदेशन करते आणि हा प्रश्न माझ्याकडे दोन हंगामांत येतो. एक, दिवाळीच्या सवलतीत यंत्र घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी. दुसरा पावसाळ्यात, कारण तेव्हा त्या यंत्रावर ओले कपडे असतात आणि ते दृश्य येता-जाता डोळ्यांत खुपतं. माझ्याही घरी व्यायामाची सायकल आहे. तिच्या हँडलला माझी पर्स फार छान अडकते. तेव्हा उपदेश करायला मला तोंड नाही.

तरी पहिल्या भेटीत मी तेच केलं. आठवड्यातले पाच दिवस, सकाळी साडेपाच, तीस मिनिटं, झालं की कॅलेंडरवर खूण. ताईंनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. पंधरा दिवसांनी आल्या त्या चार खुणा आणि उतरलेला चेहरा घेऊन. "बघा, तुम्ही सांगूनही झालं नाही." म्हणजे आळसाचा आणखी एक पुरावा मीच त्यांच्या हातात दिला होता.

मग मी मागे फिरले. म्हटलं, पुढचे चौदा दिवस व्यायाम करायचा नाही ठरवलंत तरी चालेल. फक्त लिहायचं. करावासा वाटला तेव्हा किती वाजले होते, पुढे काय झालं, एका ओळीत. स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, हिशेब विभागातली बाई जशी नोंद करते तशी कोरडी नोंद.

ती वही मी अजून विसरलेले नाही. चौदा दिवसांत पाच दिवस काहीच घडलं नव्हतं. गाड्या उशिरा, पाणी तुंबलेलं, घरी यायलाच साडेआठ. उरलेल्या नऊ दिवसांत नऊ वेळा ताई उठून तयार झाल्या होत्या. एकदा वीज गेली. दोनदा "नको वाटलं, बसून राहिले". आणि सहा वेळा कुणीतरी हाक मारली होती. 'मॅट घातली, दूधवाल्याची बेल.' 'आईंना चहा.' 'इस्त्रीवाला.' 'ह्यांचा मोजा सापडत नाही.' (त्या एका ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.) 'डंबेल उचलला, कुकर कुणी बंद करेना.'

"यात आळस कुठे आहे, दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी पानं उलटून पाहिली. "दोनदा आहे ना."

"नऊपैकी दोनदा. आणि उरलेल्या सात वेळा?"

ताई गप्प बसल्या. नोकरी करणाऱ्या बाईला घरात जिम करून दे म्हणजे सोय झाली, असं आपल्याकडे सर्रास समजतात. पण तिच्यासाठी घर हीच दुसरी पाळी असते. पुरुष बाहेरच्या जिमला गेला की तासभर तो घरात नसतो, आणि नसलेल्या माणसाला कुणी मोजा विचारत नाही. जुन्या तालमीत तरी काय असायचं? लाल मातीचा हौद, दोन मुद्गल, भिंतीवर मारुती. सामान बेताचंच. पण ठरलेली वेळ असायची, उंबरा असायचा, वस्ताद असायचा आणि शेजारी बैठका मारणारे आणखी चारजण असायचे. गैरहजर राहिलं तर दुसऱ्या दिवशी विचारणा व्हायची. आपण घरी आणलं ते फक्त लोखंड. उंबरा आणि वस्ताद दुकानात मिळत नाहीत.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर सोपी होती. पण मला एक खटकत होतं. नऊपैकी एकदाही ताई ट्रेडमिलकडे गेल्या नव्हत्या. कधी मॅट, कधी डंबेल. मी सहज विचारलं, "ट्रेडमिल कुणी घेतली?"

"ह्यांनी. माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला. ३२ हजारांची. ऑफिसमधून आले तर हॉलमध्ये लाल रिबन बांधलेली." मग जरा थांबून, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, म्हणजे मी एवढी जाडी दिसते सगळ्यांना?"

पाळी अनियमित झाल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, वजन वाढलं होतं, रात्री घामानं जाग यायची. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्यातच हॉलमध्ये सर्वांसमोर ती भेट. त्या पट्ट्यावर पाय ठेवणं म्हणजे 'हो, मी बिघडलेय, दुरुस्ती चालू आहे' हे मान्य करणं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५च्या सुमारास मांडलेला एक विचार आमच्या कामात रोज उपयोगी पडतो: माणसाला एखादी गोष्ट आपल्या मनानं निवडलीय असं वाटलं तर ती टिकते. दडपणापोटी, लाजेपोटी सुरू केलेली गोष्ट टिकवणं फार जड जातं. ताईंच्या बाबतीत तर ती सुरूच झाली नव्हती.

"शिवाय," त्या एकदम हसून म्हणाल्या, "मी दिवसभर चालतेच हो. स्टेशनपर्यंत रोज पंधरा मिनिटं धावपळ, येताना पंधरा. घरी येऊन परत चालायचं, तेही कुठेच न पोचता?"

यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाकीची हालचाल करावी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. आधीच्या सूचनांमध्ये ही हालचाल सलग किमान दहा मिनिटांची असावी अशी अट होती, ती २०२०मध्ये काढून टाकली. लोकल पकडायला निघालेली बाई गाणं म्हणत जात नाही. तीस मिनिटं गुणिले पाच दिवस, दीडशे. ज्या कामासाठी ३२ हजारांचं यंत्र आणलं, ते काम ताई कितीतरी वर्षं फुकट करत होत्या आणि स्वतःला आळशी म्हणत होत्या.

मग कमी काय पडत होतं? त्याच सूचनांमधलं दुसरं वाक्य लोक वाचतच नाहीत: आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. पाळी थांबण्याच्या आसपास बायकांची हाडं वेगानं विरळ होऊ लागतात, स्नायूही घटतात, आणि ट्रेडमिल त्यावर फारसं काही करत नाही. ताई शाळेत असताना खो-खो खेळायच्या. खांब मारण्यात वर्गात पहिल्या. हे सांगताना प्रथमच त्या खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

व्यायाम कोणता हे ठरवणं माझं काम नाही. मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे आणि मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, कारण गुडघा कुरकुरत होता. तिथून चार गोष्टी घेऊन आल्या: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, भिंतीला जोर, खिडकीच्या गजाला अडकवून ओढायचा रबरी बँड आणि दोन-दोन किलोचे डंबेल्स, जे घरात होतेच. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये मॅट जेमतेम मावते. त्यांची जिम एवढीच. सुरुवात सात मिनिटांची.

वेळ ठरवायला मात्र तीन भेटी लागल्या. पहाटेचा विचार मीच सोडायला लावला. साडेपाचला उठून स्वयंपाकघराला चुकवणं त्या घरात अशक्य होतं. संध्याकाळी घरी आल्यावर एक अरुंद फट होती. म्हणून घड्याळाऐवजी आम्ही एक वाक्य ठरवलं: 'घरात शिरले, हातपाय धुतले, की सरळ बेडरूम, दाराला कडी.' स्वयंपाकघरात आधी पाऊल टाकायचंच नाही, कारण तिथे एकदा गेलं की रात्रीचे दहा. 'अमुक झालं की तमुक करीन' अशा नेमक्या वाक्यात बांधलेला संकल्प मोघम संकल्पापेक्षा जास्त वेळा पार पडतो, हे पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकापासून बऱ्याच प्रयोगांतून दाखवलंय.

कडीवरून घरात वादळ झालं. "सून दार लावून बसते आणि पोरगा चहा करतो," सासूबाईंनी फोनवर गावी कळवलं. मुलानं पहिले चार दिवस केलेला चहा कुणाच्याच घशाखाली उतरला नाही. ताई दुसऱ्याच आठवड्यात दार उघडून बाहेर आल्या, चहा टाकला आणि मला मेसेज केला: "राहू दे मॅडम, शांतता महत्त्वाची."

तेव्हा मी त्यांच्या यजमानांना बोलावलं. नाराज होऊनच आले. "मी प्रेमानंच घेतली होती. त्याची आता चौकशी?" गृहस्थ सज्जन. बोलता बोलता कळलं, त्यांच्या थोरल्या बहिणीचे दोन्ही गुडघे बदलावे लागले होते आणि त्यानंतर ती फारशी घराबाहेर पडत नाही. बायकोचं तसं होईल ही भीती त्यांना दोन वर्षं होती. ती सांगायला जमलं नाही, म्हणून लाल रिबन बांधली. हे ते ताईंसमोर बोलले आणि ताई रडल्या. मी त्या तासात फार काही केलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

निघताना मी त्यांना एकच काम दिलं. बायकोला 'कर, कर' म्हणायचं नाही, 'आज झालं का?' हेही विचारायचं नाही. दाराला कडी असेल तेवढा वेळ बाहेरून येणारी प्रत्येक हाक फक्त अडवायची. त्यांनी ते मनावर घेतलं, जरा जास्तच. इस्त्रीवाल्याला जिन्यातूनच परत पाठवू लागले. आईंचा चहाही तेच करू लागले आणि तो, सासूबाईंच्याच शब्दांत, "सुनेपेक्षा बरा".

'२१ दिवसांत सवय लागते' हे ताईंनाही पाठ होतं. बाविसाव्या दिवशी मन आपोआप तयार होईल असं त्या धरून चालल्या होत्या आणि ते झालं नाही म्हणून खचल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेला अभ्यास मी अशा वेळी सांगते. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला, पण कुणाला १८ पुरले तर कुणाचा अंदाज २५४पर्यंत गेला. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा वेळ जास्त लागला. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही.

पण दिवाळी हा एक दिवस नसतो. फराळ, पाहुणे, माहेर. फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळतील अशा ध्वनिमुद्रित गोष्टींची लालूच दाखवून लोकांना जिममध्ये आणण्याचा अमेरिकेतला एक प्रयोग आहे. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली, पण नोव्हेंबरातली सणाची सुट्टी झाली आणि परिणाम ओसरला. म्हणून वसुबारसेच्या आधीच आम्ही ठरवून ठेवलं होतं की हे मोडणार. मोडल्यावर पहिला दिवस कोणता आणि त्या दिवशी किती, हेही लिहून ठेवलं: भाऊबीजेनंतरचा पहिला कामाचा दिवस, पाच उठ-बशा, बस्स. ताईंचे सलग अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सात वीसला फोन: "पाच झाल्या. सहावी मारू का?" मी म्हटलं, नको. त्यांनी मारलीच असणार.

ट्रेडमिल अजून हॉलमध्येच आहे. विकायचं ठरलं होतं, पण यजमान रविवारी सकाळी तिच्यावर बातम्या बघत चालू लागलेत आणि धपधप ऐकू येते अशी खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार आल्यावर त्यांनी खाली रबरी शीटही घातलं. बाकी सहा दिवस कपडे वाळतात. त्याबद्दल घरात आता कुणी बोलत नाही.

डिसेंबरात ताई शेवटच्या ठरलेल्या भेटीला आल्या. वजन दीडच किलो उतरलं होतं आणि ते त्यांनी निघता निघता सांगितलं. आधी सांगितलं ते हे, की लोकलच्या रॅकवर पिशवी ठेवायला आता कुणाची मदत मागत नाही. आणि दोन किलोचे डंबेल हलके पडतात, फिजिओथेरपिस्टनं चारचे घ्यायला सांगितलेत.

"मग यजमानांना सांगितलंत?"

"सांगितलं ना. ते लगेच मोबाइल काढून ऑर्डर करायला लागले. मी म्हटलं, थांबा. दुकानात जाऊन, हातात धरून, उचलून बघून मीच घेणार. तुम्ही यायचंच असेल तर पिशवी धरायला या."