पाणी कमी येतंय आणि १९१६ म्हणतं ‘निवारण झाले’: आता कुणाला धरायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चिपळूणहून भांडुप पश्चिमेला येऊन आठ महिने झाले. तीन आठवडे सोसायटीत पाणी कमी दाबाने येतंय. १९१६ वर दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा ‘तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे’ असा मेसेज आला. चिपळूणला मुख्याधिकारी बाजारपेठेत दिसायचे, नगरसेवक शेजारच्याच आळीतला, आणि पाणी येणार नसेल तर आदल्या संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा सांगून जायची. इथे कुणाला धरायचं, आणि बातमी तरी कळते कशी? शिवाय जाता जाता मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारलंय.

मी चौदा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. (दुसरं कुणी तयार होत नाही, एवढंच कर्तृत्व.) तेव्हा पुस्तकातलं नाही, खेटे घालून शिकलेलं सांगतो.

आधी डोक्यातून ‘महापालिका’ हा शब्द काढा. सीएसएमटीसमोरची ती १८९३ सालची देखणी इमारत फोटो काढायला छान आहे, पण तुमच्या-माझ्या नळाशी तिचा रोजचा संबंध काही नाही. मुंबई म्हणजे एकमेकांना चिकटलेली वीस-पंचवीस गावं. कारभारासाठी तिचे बरीच वर्षं २४ विभाग होते, ए पासून टी पर्यंत. मग मालाडचा पी उत्तर फोडून पी पूर्व निघाला. तुमचा एस विभाग: भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, पवई. लोकसंख्येच्या हिशेबात यात तुमचं चिपळूण दहा वेळा मावेल. त्याचं ऑफिस तिथेच लालबहादूर शास्त्री मार्गावर आहे आणि त्याचे मुख्याधिकारी म्हणजे सहायक आयुक्त, ज्यांना सगळे वॉर्ड ऑफिसर म्हणतात. तुमची नगरपरिषद ती. तिच्याबाहेर सहसा जावं लागत नाही.

इथे एक घोळ आहे, त्यात नवीन माणूस हमखास फसतो. ‘वॉर्ड’ हा शब्द मुंबईत दोन गोष्टींना वापरतात. एक हा एस वॉर्ड, म्हणजे प्रशासकीय विभाग. दुसरा निवडणुकीचा प्रभाग, ज्यातून नगरसेवक येतो. असे प्रभाग २२७ आहेत. अर्जावर ‘वॉर्ड क्र.’ लिहिलेलं असेल तर कुठला हवाय ते खिडकीवर विचारूनच भरा. आमच्या एका सभासदाचा अर्ज याच कारणाने परत आला होता आणि वर त्यालाच ऐकून घ्यावं लागलं.

आता पाणी.

१९१६ म्हणजे आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा नंबर. तिथला माणूस तक्रार नोंदवतो, क्रमांक देतो आणि ती विभागाकडे ढकलतो. तो व्हॉल्व्ह फिरवत नाही. विभागात ती सहायक अभियंता (जलकामे) यांच्याकडे जाते, त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता येऊन रस्त्यावरच्या वाहिनीचा दाब बघतो. दाब ठीक निघाला की त्यांच्या लेखी विषय संपला. तुम्हाला ‘निवारण झाले’ असा मेसेज येतो आणि तुम्ही म्हणता, हे खोटं बोलतात. कधी खोटं असतंही. पण बऱ्याच वेळा त्याचा अर्थ ‘आमच्या बाजूने बिघाड सापडला नाही’ एवढाच असतो. हे मला कळायला दोन महिने लागले होते.

झालं असं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी एकदम कमी झालं. चार तक्रारी केल्या, चारही बंद. ऑफिसात गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून ‘साहेब साइटवर गेलेत’. आठवडा असाच गेला. मग आमच्या वॉचमनने सुचवलं की रोज लिहून ठेवू या. त्याने खालच्या टाकीत बांबू सोडून त्यावर खुणा केल्या. पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता, बांबू किती भिजला, हे शंभर पानी वहीत. मी शेजारच्या दोन इमारतींच्या वॉचमनना तेच करायला लावलं. दहा दिवसांनी उघड दिसलं की वेळ तिघांची तीच, पण त्यांची टाकी भरते आणि आमची अर्धीच. म्हणजे रस्त्यावर पाणी होतं. आमच्यापर्यंत येता येता कुठेतरी जात होतं.

ती वही घेऊन मी ऑफिसात गेलो नाही, चावीवाल्याला गाठलं. हा माणूस ओळखा, कारण मुंबईचं पाणी खरं त्याच्या हातात असतं. इथे चोवीस तास पाणी नाही. एकेका टापूला ठरलेल्या वेळेला सोडतात, आणि ते सोडणारा-बंद करणारा पालिकेचा कर्मचारी म्हणजे चावीवाला. लांब दांड्याची टी आकाराची चावी घेऊन तो रस्त्यातली झाकणं उघडत फिरतो. तुमच्या पाण्याच्या वेळेआधी पंधरा मिनिटं कोपऱ्यावर उभे राहा, भेटेल. आमचा चावीवाला पहाटे आला, वही चाळली, एक लोखंडी सळई जमिनीला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, आणि शेजाऱ्यांच्या पेव्हर ब्लॉकवर पाय आपटून म्हणाला, इथे फुटलीय. खणलं, तर खरंच. आणि ती जोडणी आमची. मुख्य वाहिनीपासून तुमच्या इमारतीपर्यंत येणारी जोडणी ग्राहकाची असते, तिची दुरुस्ती परवानाधारक प्लंबरकडून आपल्याच खर्चाने करून घ्यायची. रस्ता खणायला परवानगी लागते, ती विभागातूनच. चार तक्रारी बंद करणाऱ्यांवर मी दोन महिने चिडून होतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. फक्त हे एका वाक्यात सांगायला कुणाचं काय जात होतं, हा माझा राग अजून आहे.

तेव्हा तुम्ही आधी वही घाला. शेजाऱ्यांचंही पाणी कमी असेल तर दोष रस्त्यावरचा, मग एकट्याने न भांडता तीन-चार सोसायट्यांनी मिळून पत्र द्या. एकट्या तुमचंच कमी असेल तर प्लंबर बोलवा. मीटर अडकलाय का आणि खालच्या टाकीचा बॉलकॉक नीट उघडतो का, हेही बघून घ्या. माणसं बॉलकॉकसाठी आयुक्तांना पत्र लिहितात, मी पाहिलंय.

दोष रस्त्यावरचा असूनही तक्रार बंद होत असेल, तर कागदावर या. दोन प्रती. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पत्रात आधीच्या दोन्ही तक्रारींचे क्रमांक आणि वहीतल्या दहा दिवसांच्या नोंदी. रागाची वाक्यं नकोत, त्यांना फाइलमध्ये जागा नसते. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहिती अधिकार. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. पण ‘पाणी का येत नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. ‘तक्रार क्रमांक अमुकची पाहणी कोणत्या तारखेला, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याने केली, पाहणी अहवालाची प्रत द्यावी’, एवढंच मागा. अहवालच नसेल तर अर्ज पोचल्यावर पाहणी होते. आमच्या पर्जन्य जलवाहिनीच्या फुटक्या झाकणाचं असंच झालं होतं, उत्तर यायच्या आधी झाकण आलं.

कुणीतरी तुम्हाला लोकसेवा हक्क कायद्याचं सांगेल. कायदा २०१५ चा, चांगला आहे, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण तो अधिसूचित सेवांना लागू आहे, म्हणजे दाखले, परवाने वगैरे. कमी दाबाची तक्रार त्या यादीत आहे का ते आधी बघा, मगच तो लावायला जा.

नगरसेवकाचं म्हणाल तर, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात आमच्यासारख्यांना थेट अभियंत्यांकडे जायची सवय लागली, आणि खरं सांगू का, ती मोडू नये असं मला वाटतं. गटार नव्याने बांधणं, पायवाट, शौचालय अशा निधीच्या कामाला नगरसेवक हवाच. फुटलेल्या पाइपाला नको. आणि चिपळूणच्या नगराध्यक्षाची कल्पना महापौरांवर लादू नका. इथे अंमलबजावणीची सत्ता आयुक्तांकडे आहे, १८८८ च्या कायद्यापासून.

पाण्याशिवायची खाती झटपट सांगतो. कचऱ्याला ऑफिसात जाऊ नका, तुमच्या भागातली घनकचरा चौकी शोधा आणि सकाळी मुकादमाला भेटा. झाडाची फांदी उद्यान खात्याकडे. झाड सोसायटीच्या आवारातलं असेल तर परवानगी त्यांची, खर्च तुमचा, आणि परवानगीशिवाय कोयता लावू नका, १९७५ चा वृक्ष कायदा आहे. डासांसाठी कीटकनाशक खातं, पण ते आधी तुमच्याच गच्चीवरची टाकी उघडी आहे का बघतील. जन्ममृत्यूचा दाखला वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, नोंद २१ दिवसांच्या आत.

वीज मात्र वॉर्ड ऑफिसकडे नाही. जुन्या शहरात पालिकेचाच बेस्ट उपक्रम, उपनगरांत बऱ्याच ठिकाणी अदानी किंवा टाटा, आणि तुमच्या भांडुप-मुलुंडला चक्क महावितरण. चिपळूणचंच बिल इथेही, तेवढं तरी ओळखीचं.

आता बातमी. भोंगा लावलेली रिक्षा मीही कधी विसरणार नाही, पण तिची जागा घेणाऱ्या तीन गोष्टी आहेत. एक, पालिकेचं प्रसिद्धिपत्रक. जलवाहिनी जोडायची किंवा व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर ते आधी येतं, वर्तमानपत्रांत आणि पालिकेच्या समाजमाध्यमांवर. ते मथळ्यावर सोडू नका. ‘मुंबईत अमुक तास पाणी नाही’ वाचून अख्खी मुंबई बादल्या भरते, आणि आत बघावं तर दोनच विभाग असतात. खाली विभागवार रस्ते आणि नेहमीच्या पुरवठ्याची वेळ कंसात दिलेली असते. त्यात तुमची वेळ शोधा, तोच तुमचा टापू. शेवटी ‘पाणी गाळून व उकळून प्यावे’ असतं ते शोभेसाठी नाही, वाहिनी जोडल्यावर पहिलं पाणी गढूळ येतंच.

दोन, फळा. भांडुपमध्ये चाळी आणि मंडळं अजून आहेत, शाखेबाहेर आणि गणेश मंडळाबाहेर खडूने लिहिलेला फळा असतो. निधनवार्ता, रक्तदान, पाण्याची वेळ बदलली, रेशनला तांदूळ आला, सगळं त्यावर. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा विश्वासाचा, कारण लिहिणारा संध्याकाळी तिथेच बसलेला असतो. तीन, तोच चावीवाला. दिवाळीला विसरू नका.

तुमच्या जागेची एक खासियत आहे. सात तलावांचं पाणी येतं, त्यातलं बरंचसं तुमच्या डोक्यावरच्या भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं. १७-१८ जुलै २०२१ च्या रात्री पावसाचं पाणी त्या संकुलातच शिरलं आणि मुंबईच्या बऱ्याच भागाचा पुरवठा कोलमडला. त्याच रात्री विक्रोळी आणि चेंबूरला दरडी कोसळून माणसं गेली. आणि चारच दिवसांनी, २२ जुलैला, तुमच्या वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा पावसाळ्यात भांडुपमध्ये दोन गोष्टी रोज बघायच्या: पाऊस किती आणि भरती किती वाजता. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की सखल भागातलं पाणी समुद्रात जात नाही, लोकल थांबते. त्या वेळी १९१६ ला फोन करा, त्यासाठी तो नंबर खरा उपयोगी आहे. तुमची इमारत टेकडीच्या उताराला असेल तर संरक्षक भिंतीत भेग दिसते का, हे मे महिन्यातच बघा.

राहिला मुलीचा दाखला. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, यातला एकही पालिका देत नाही. ते महसूल खात्याचं काम, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांची बाजू; उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज ‘आपले सरकार’वरून घरूनच करा, पत्त्यात तालुका कुर्ला निवडा, कारण भांडुप कुर्ला तालुक्यात येतं. आणि कधी प्रत्यक्ष जायची वेळ आलीच तर कुर्ल्याला उतरू नका. कुर्ला तहसीलदारांचं ऑफिस मुलुंडला आहे. मी अर्धा दिवस कुर्ल्यात विचारत फिरलो होतो.