विक्रोळीच्या बाकड्यावरची चाळीस मिनिटं

प्रश्न : माझी मुलगी टीवाय बीकॉमला आहे, कॉलेज माटुंग्याला. दहावीनंतर कॉमर्स तिनेच निवडलं. बारावी २०२३ ला झाली, सीए फाउंडेशन पहिल्या फटक्यात. तेव्हा सोसायटीच्या गणपतीत तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता, तो अजून जिन्यात ठेवलाय, बघून तरी जिद्द यावी म्हणून. पण पुढच्या टप्प्याचे, इंटरमीडिएटचे दोन अटेम्प्ट फुकट गेले. दुसऱ्या वेळी दोनपैकी फक्त दुसरा, तीन पेपरांचा ग्रुप दिला, तरी कॉस्टिंगमध्ये ३७!! (ऑडिट ६२, फायनान्शियल-स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट ५२.) आता पुस्तकाला हात लावत नाही. परीक्षा जवळ आली की सकाळी उलट्या होतात. रात्री दोन-तीनपर्यंत जागी असते. कॉलेजला म्हणून निघते आणि फोनवर लोकेशन बघावं तर विक्रोळी स्टेशनला चाळीस-चाळीस मिनिटं थांबलेली असते. परवा आईला म्हणाली, माझ्यावर आता पैसे घालवू नका. बायको मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू म्हणते, पण एकदा तसं रेकॉर्डवर आलं की सीएचं सभासदत्व, नोकरी, पासपोर्ट, लग्न, सगळीकडे अडचण. क्लास बदलू का? की सीए सोडवून एमबीए सीईटी, बँकिंग किंवा एमपीएससीला बसवू?
— एक वडील, भांडुप

उत्तर : नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्नचिन्हं आहेत. एक क्लासपुढे, एक एमबीए-एमपीएससीपुढे. ३७ मार्कांपुढे तर दोन उद्गारचिन्हं आहेत. उलट्यांपुढे मात्र साधा पूर्णविराम. जागरणापुढे पूर्णविराम. ‘माझ्यावर आता पैसे घालवू नका’ याच्यापुढेही पूर्णविराम, आणि लगेच पुढचा विषय.

मी त्या तिसऱ्या पूर्णविरामापाशी थांबले. करिअरचं नंतर बघू.

हे वाक्य काटकसरीचं नाही. कॉमर्सची मुलगी आहे ती, तिने स्वतःलाच बुडीत खात्यात टाकलंय. तेव्हा आज रात्रीच, तुमच्यापैकी ज्याच्याशी ती जास्त मोकळी आहे त्याने तिच्याशेजारी बसून सरळ विचारा : तुला जगू नये असं वाटतं का, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचे विचार येतात का? असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही. उलट कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून मुलं ढसाढसा रडतात आणि बोलायला लागतात. ‘हो’ म्हणाली, किंवा काही न बोलता नुसती बघत राहिली, तर तिला एकटीला ठेवू नका आणि सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठा. काय करावं सुचत नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ‘नाही’ म्हणाली तरी याच आठवड्यात डॉक्टर गाठायचाच आहे.

आता विक्रोळी. तुम्ही फोनवर निळा ठिपका बघितलात. ठिपका चाळीस मिनिटं हलला नाही, हेही बघितलंत. संध्याकाळी ती घरी आल्यावर तुम्ही काय विचारलंत ते पत्रात नाही, पण ‘कॉलेजला म्हणून निघते’ या शब्दांवरून अंदाज येतो. कॉलेज बुडवायचं असतं तर ती घाटकोपरला मॉलमध्ये गेली असती, मैत्रिणींबरोबर मरीन ड्राइव्हला गेली असती. प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर मांडीवर सॅक घेऊन, समोरून स्लो गाड्यांमागून गाड्या सोडत कोणी मजा मारत नाही. माझ्याकडे येणारी मुलं जे सांगतात ते साधारण असं असतं : गाडीत दाराजवळ गर्दी वाढते, छातीत धडधडायला लागतं, तळव्यांना घाम सुटतो, श्वास पुरत नाही, आता इथेच पडणार आणि सगळे बघणार असं वाटतं. मग पुढच्या स्टेशनला उतरायचं. उतरल्यावर थोड्या वेळाने बरं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो, कारण उतरलं की सुटका होते हे शरीर शिकतं. आज विक्रोळी, उद्या कांजूरमार्ग, परवा घराचा उंबरठाच ओलांडवत नाही. तुमच्या मुलीचं नेमकं हेच आहे का ते मी इथे बसून सांगू शकत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण ती रोज घरातून निघते, उतरते, बसते आणि पुन्हा पुढची गाडी पकडायचा प्रयत्न करते, याला आळस म्हणत नाहीत. त्या चाळीस मिनिटांत ती तिच्या दोन्ही अटेम्प्टपेक्षा जास्त कष्ट करत असेल.

आणि ते लोकेशन. तिच्या संमतीने चालू असेल तर एक वेळ ठीक. नसेल तर बंद करा आणि तिला सांगून बंद करा. एकवीस वर्षांच्या मुलीला आपण ठिपका आहोत हे कळत असतंच.

तुम्हाला बोल लावताना माझंही सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाचे आईवडील असेच आले होते, आणि मी त्याला रंगीत पेनांनी छान वेळापत्रक करून दिलं होतं. पहाटे पाचला उठणे, वगैरे. तो महिनोन्महिने पहाटे चारपर्यंत टक्क जागा असायचा हे मला फार उशिरा कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या दादरच्या खोलीत मी पहिला प्रश्न मार्कांचा विचारत नाही, झोपेचा विचारते. पूर्वी मुलं ‘काय करू’ विचारायला यायची. हल्ली काय करायचं ते त्यांना माहीत असतं, ते होत नाही म्हणून येतात.

तुमच्या मुलीच्या बॅचबद्दल एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. बारावी २०२३, म्हणजे दहावी २०२१. त्या वर्षी कोविडमुळे राज्यात दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली होती. एरवी आपण सगळे पंधराव्या वर्षी परक्या शाळेत, परक्या बाकावर, पोटात गोळा घेऊन एकदा बसलो आणि जिवंत बाहेर आलो. या मुलांनी ते केलंच नाही. त्यांची पहिली खरी बोर्डाची परीक्षा थेट बारावी, आणि तिच्या मागोमाग सीए. एकाच वेळी युनिव्हर्सिटीची सेमिस्टर आणि सीए इन्स्टिट्यूटची परीक्षा. घाबरायचीही सवय लागते हो, ती या मुलांना लागलेली नाही.

आता तुमच्या ‘रेकॉर्ड’बद्दल. हा गैरसमज मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलेल्यांची कुठलीही सरकारी वही नसते, जी उद्या कंपनीच्या एचआरला किंवा मुलाकडच्यांना उघडून बघता येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तिची केस तुमच्या नात्यातल्या कुणाला सांगायची डॉक्टरला मुभा नाही. ती सज्ञान आहे, त्यामुळे तिचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं तुम्हालाही आपोआप कळणार नाही, हे पचवायची तयारी ठेवा. पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन गुन्हे आणि नागरिकत्वासाठी असतं, तुम्ही कुठल्या ओपीडीत गेला होतात त्यासाठी नसतं. आणि सीएचं सभासदत्व? १९४९ च्या सीए कायद्यात मनोरुग्णतेमुळे अपात्र ठरवायचं कलम आहे खरं, पण त्यासाठी सक्षम न्यायालयाने त्या व्यक्तीला तसं घोषित करावं लागतं. परीक्षेच्या भीतीसाठी घेतलेल्या गोळ्यांचा किंवा समुपदेशनाचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. वैमानिक किंवा सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर वैद्यकीय तपासणीत असे प्रश्न निघतात, तिथे वेगळा विचार करावा लागतो. तुमची मुलगी ताळेबंद मांडणार आहे, विमान उडवणार नाहीये. राहिलं लग्न. रोज सकाळी उलट्या करणारी, रात्र-रात्र जागणारी मुलगी उपचार न करता तशीच बोहल्यावर उभी करणं तुम्हाला सोयीचं वाटतं का? तुमच्या बायकोचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

कुठे जायचं, तर खासगी परवडत असेल तर खासगी. नसेल तर सायन, केईएम, नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या हॉस्पिटलांत मनोविकार ओपीडी आहे. सायन तिच्याच लाइनवर आहे, माटुंग्याच्या आधीचं स्टेशन. सकाळी लवकर जा, केस पेपरला रांग असते. पहिल्या दिवशी तिला ट्रेनने नेऊ नका, रिक्षा-टॅक्सीचे पैसे जाऊ देत. डॉक्टर कदाचित थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील. धडधड आणि थकवा त्यातूनही येऊ शकतो, त्यामुळे ‘वेड लागलंय का’ म्हणून दचकू नका आणि रिपोर्ट नॉर्मल आले की ‘बघ, काही नाहीये तुला’ असंही म्हणू नका. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून मनानेच बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं म्हणूनही नाही. सोबत बोलण्याचे उपचार असतील, ज्यात भीती वाटणाऱ्या गोष्टीकडे हळूहळू परत जायला शिकवतात. आज एक स्टेशन, पुढच्या आठवड्यात दोन.

कॉलेजलाही कळवा, पण तिला विचारून. हजेरी कमी भरली असणारच. सत्र संपल्यावर ब्लॅकलिस्टमध्ये नाव लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन भेटलेलं बरं. आणि समुपदेशक कोण आहे ते विचारा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. एखादा विषय राहिलाच तर एटीकेटी लागेल. मुंबई युनिव्हर्सिटीत एटीकेटी लागलेले लोक आज बँकांचे मॅनेजर आहेत, त्यातले काही तुमचेच साहेब असतील.

मार्क पुन्हा एकदा बघूया का? तुम्ही ३७ पुढे उद्गारचिन्हं दिलीत आणि बाकीचे दोन आकडे कंसात कोंबलेत. ६२ अधिक ३७ अधिक ५२ म्हणजे १५१. ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात, ते तिने मिळवलेत. प्रत्येक पेपरला ४० लागतात, ते एका पेपरात ३ ने हुकले. तीन मार्क! शिवाय ग्रुपमधले सगळे पेपर देऊन एखाद्यात ६० किंवा जास्त मिळाले की त्या पेपरला सूट मिळते, पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणजे ऑडिट तिच्या खिशात आहे. सप्टेंबर २०२४ च्या इंटरमीडिएटला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी सहा टक्केही पास झाले नव्हते. शंभरातल्या चौऱ्याण्णव घरांत तुमच्यासारखेच वडील बसले होते. आता ही परीक्षा वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. त्यामुळे एक अटेम्प्ट सोडला तर आयुष्यातले चार महिने जातात, वर्ष जात नाही. पुढचा अटेम्प्ट सोडायला लावा. ‘बघू, फॉर्म तर भरून ठेवू’ हे नको, त्या भरलेल्या फॉर्मचीच रोज सकाळी उलटी होते.

हे वाचून तुम्ही लगेच तिच्याकडे जाऊन ‘अगं तुझं फक्त कॉस्टिंग अडलंय’ म्हणाल अशी मला भीती आहे. म्हणू नका. हा हिशोब तुमच्यासाठी आहे, तुमची झोप लागावी म्हणून. तिला तो पाठ असणार.

क्लास बदलू नका, क्लासचा यात काही दोष नाही. एमबीए सीईटी, बँकेच्या परीक्षा, एमपीएससी हे सगळं पदवीनंतर असतं आणि वय निघून चाललेलं नाही. आजारी माणसाला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत कोंबलं तर आजार त्याच्याबरोबरच चढतो. सीए चालू ठेवायचं की सोडायचं हे तिने ठरवायचं, तेही झोप नीट लागायला लागल्यावर. त्या वेळी तिला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर तिने एकटीने यावं. तुम्ही खाली चहा प्या, स्टेशनबाहेर बरा मिळतो.

राहिला जिन्यातला फ्लेक्स. ती दिवसातून किमान दोनदा स्वतःच्या हसऱ्या फोटोखालून जाते. ‘घवघवीत यश’ असलं काहीतरी लिहिलेलं असेल त्यावर. तो काढा. मात्र ती घरी नसताना गुपचूप काढू नका, नाहीतर आल्यावर रिकामी भिंत बघून तिला वाटेल की आता बाबांनीही सोडून दिलं. तिला विचारा, ‘काढायचा का हा?’ आणि हो म्हणाली तर दोघांनी मिळून दोऱ्या सोडा. वरच्या टोकाला स्टूल लागेल, ते तुम्ही धरा.